‘अँड्रॉइडवर जा’ म्हणायला काय जातं!

आमच्या होस्टेलवर सध्या दोन पक्ष आहेत. एक अँड्रॉइडवाल्यांचा आणि दुसरा आयफोनवाल्यांचा. मधे काही अपक्षही आहेत, ज्यांचा ईएमआय अजून मंजूर व्हायचाय! मेसमधून जेवून आलं की अधिवेशन सुरू. कोणाचा कॅमेरा भारी, कोणाची बॅटरी टिकते, कोणाचा फोन दोन वर्षांनी रांगायला लागतो. सबमिशनच्या आदल्या रात्रीही यात खंड पडत नाही. ‘मी अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला’ हे वाक्य काही जण असं सांगतात, जणू काही संन्यास घेतलाय.

मला या वादात पडायचं नाही. पण ऐकून ऐकून एक गोष्ट सारखी डोक्यात येते. ‘ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे’ हा एवढा मोठा शब्द आपण फारच किरकोळ गोष्टीसाठी वापरतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना आपलं असं काय बदलतं? बॅकचं बटण कुठे गेलं म्हणून दोन दिवस चिडचिड होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा नेता येत नाहीत ही मोठी अडचण होती, तीही २०२२ मध्ये सुटली. बाकी तेच इन्स्टा, तेच यूपीआय, तेच रील्स. घर तेच, फक्त पडदे बदलले.

खरं स्थलांतर बघायचं असेल तर माझ्या गावाला चला.

मी मूळची पोखर्णीची, परभणी जिल्ह्यातली. नृसिंहाच्या देवळामुळे गावाचं नाव बर्‍याच जणांनी ऐकलेलं असतं. परभणी-परळी लाईनवरच्या आमच्या स्टेशनचं नावसुद्धा ‘पोखर्णी नृसिंह’ असंच आहे. माझं शिक्षण मात्र सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या लेखात र्‍हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर जबाबदारी संपादक मंडळाची!

तर आमच्याकडे, म्हणजे सोयाबीन, कापूस आणि तुरीच्या पट्ट्यात, ऑपरेटिंग सिस्टीम बदलणं म्हणजे कीपॅडवरून टचवर जाणं. आणि हे कोणी कॅमेर्‍यासाठी करत नाही. कोणीतरी सांगतं म्हणून करतात. मुलगा सांगतो, कृषी सहायक सांगतो, बँकेतला माणूस सांगतो. ‘मोठा फोन घ्या ना आता’. जणू काही लहान फोन हा गुन्हा आहे.

लहान फोन म्हणून हसू नका. २०१७ च्या जुलैत जिओफोन जाहीर झाला तेव्हा त्याची अनामत होती १,५०० रुपये. आतमध्ये ५१२ एमबी रॅम आणि वर बटणं. त्यात होतं कायओएस. हे कायओएस आलं फायरफॉक्स ओएसमधून. मोझिलाने तो प्रकल्प गुंडाळल्यावर उरलेल्या सामानातून दुसर्‍यांनी नवं घर बांधलं. यातली अ‍ॅप्स वेबच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहायची. इतक्या तुटपुंज्या मेमरीत ४जी चालवणं ही माझ्या मते फार सुंदर इंजिनिअरिंग होती, पण आपल्या एकाही सेमिनारमध्ये तिचं नाव निघत नाही. सेमिनार घ्यायचा तो क्वांटमवरच!

२०१८ मध्ये या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि आमच्याकडची आजी मंडळी व्हॉइस मेसेज पाठवायला शिकली. पुढे काय झालं? २०२१ च्या दिवाळीत खुद्द जिओनेच ६,४९९ रुपयांचा जिओफोन नेक्स्ट काढला, तोही अँड्रॉइडवर आधारलेला. २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने घेणं बंद झालं. म्हणजे ज्यांनी फोन बदलला नाही, त्यांच्या पायाखालची जमीनच बदलली.

हे काही पहिल्यांदा झालं नाही. नोकियाच्या सिंबियनवरचं व्हॉट्सअ‍ॅप २०१७ च्या जूनअखेर थांबलं, विंडोज फोनवरचं ३१ डिसेंबर २०१९ ला. विंडोज फोन वाईट होता का? ज्यांनी लुमिया वापरला त्यांना विचारा, अजून हळहळतात. मेकॅनिकलच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. एका सिस्टीमसाठी लिहिलेलं अ‍ॅप दुसरीवर तसंच्या तसं चालत नाही, ते पुन्हा लिहावं लागतं. लिहिणारे तिथेच जातात जिथे गिर्‍हाईक आहे, आणि गिर्‍हाईक तिथेच जातं जिथे अ‍ॅप्स आहेत. आठवडी बाजारासारखंच हे. चार दुकानं उठली की बाजार उठतो, मग मैदान कितीही चांगलं असो. म्हणून आज भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडवर आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाने याच मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला होता. पण दंडाने बाजार परत भरत नाही.

इथपर्यंत कंपन्यांचं झालं. कंपनी धंदा करणार, तिच्याकडून वेगळी अपेक्षा मी ठेवत नाही. माझी खरी तक्रार पुढे आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कल्पना उत्तमच. पूर्वी तलाठी पीकपेरा लिहायचे, आता शेतकर्‍याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबारावर नोंद करायची. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ अशी घोषणाही होती. पण हे लिहायचं कशावर? प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपवर. म्हणजे घोषणेतल्या ‘मी’ ला एक अट लागली, की त्या ‘मी’ कडे अँड्रॉइड पाहिजे.

ही अट नुसती कागदावरची नाही. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापसासाठी सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. सुरुवातीला ती ई-पीक पाहणी झालेल्यांनाच मिळणार होती. बोंबाबोंब झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ही अट शिथिल करत असल्याचं सांगावं लागलं. आता साधं गणित करा. मदत जास्तीत जास्त दहा हजार. बरा अँड्रॉइड फोन सात-आठ हजारांचा, वर दर महिन्याचं रिचार्ज. ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याची किंमत आपल्याकडे ईएमआयमध्ये मोजतात, तिकडे ती सोयाबीनच्या क्विंटलमध्ये मोजावी लागते.

कोणी म्हणेल, एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते की. येते, मान्य. गल्लीतला एखादा बारावीचा पोरगा सगळ्यांचे गट नंबर घेऊन वावरावावरातून फिरतो. सुट्टीत गावी गेले की हे काम माझ्याकडेही येतं. पण मग ‘मीच लिहिणार’ कुठे राहिलं? तलाठ्याच्या जागी पोरगा आला, एवढंच. तलाठ्याला निदान पगार होता!

आता फोन घेऊन दिला की प्रश्न मिटला, असं आपल्या पिढीला वाटतं. सिम काढलं, इकडून तिकडे टाकलं, गूगल अकाउंट उघडलं, झालं मायग्रेशन. आमच्या आजोबांना घरच्यांनी टचचा फोन आणला तेव्हा ते म्हणाले, “अगं माय, ह्याला बटनंच न्हाईत, दाबू काय? आन् चांगला चालायलाय की माझा, कामून बदलायलात?” मला आधी हसू आलं. मग मी नीट बघितलं. त्यांचा जुना फोन त्यांनी कधी वाचलेलाच नव्हता. तो त्यांच्या बोटांना पाठ होता. दोन दाबून धरलं की मोठे काका, तीन दाबून धरलं की आत्या, पाच म्हणजे दूधवाला. पाचच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो, अंधारातही सापडतो. हात चिखलाचे असोत, ऊन डोक्यावर असो, फोन लागायचा. टचच्या काचेवर ओलं बोट चालत नाही, उन्हात काही दिसत नाही आणि काचेला उंचवटा नाही. आम्ही नव्या फोनवर काका-आत्यांचे फोटो लावून दिले. तरी महिनाभर ते दुपारी कोणालाच फोन करत नव्हते, संध्याकाळी सावलीत बसूनच करायचे. काय गेलं हे कुठल्याही ट्रान्सफर अ‍ॅपच्या यादीत येत नाही.

अजून एक गंमत. प्रत्येक नवं अ‍ॅप उघडलं की फोन विचारतो, याला तुमचं लोकेशन बघू द्यायचं का, फोटो बघू द्यायचे का, नंबर बघू द्यायचे का. आजोबा दरवेळी विचारतात, “कशापायी बघू द्यायचे?” आपण चार वर्षं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून न वाचता ‘अलाऊ’ दाबतो. सायबर सिक्युरिटीच्या व्हायव्हात शोभेल असा प्रश्न विचारतात ते आमचे आजोबाच!

पण सगळेच असे सावध नसतात. पीएम किसानच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने, गाडीच्या चलानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल येते. उघडली, इन्स्टॉल केली की मेसेज वाचले जातात, ओटीपी जातो, खातं रिकामं. कीपॅडच्या फोनवर ही फाईल चालतच नव्हती. म्हणजे ज्या माणसाला आपण प्रगतीच्या नावाखाली नव्या सिस्टीमवर आणलं, त्याला त्या सिस्टीमचे चोरही आपणच ओळख करून दिले. रस्ता दाखवला, खड्डे सांगितले नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, की ज्याने घरात फोन आणून दिला त्याने वर्षभर तरी त्या फोनची जबाबदारी घ्यावी. नाहीतर आणू नये.

भाषेचंही तेच. अँड्रॉइडमध्ये मराठी २०१४ च्या लॉलिपॉपपासून आहे. आयफोन भारतात आला २००८ मध्ये, पण त्याचे मेनू मराठीत यायला २०२५ चा मार्च संपावा लागला. कॉन्व्हेंटवाल्यांना हे जाणवलं नाही, कारण आम्ही फोनशी इंग्रजीत बोलतो आणि आईशी रोमन लिपीतल्या मराठीत. पण सातबारा वाचू शकणार्‍या माणसाला ‘सेटिंग्ज’ मध्ये जाऊन अडाणी वाटावं, हा दोष त्या माणसाचा नाही.

या बाबतीत मला कौतुक वाटतं ते इंडस ओएसचं. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकार्‍यांनी मुंबईत ही अँड्रॉइडवर आधारलेली सिस्टीम उभी केली. २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर यायला लागली. इंग्रजी मेसेजवर बोट सरकवलं की तो आपल्या भाषेत, अशी सोय होती. भाषा आधी आणि फोन नंतर, असा विचार करणारं कोणीतरी होतं. पुढे ती कंपनी फोनपेकडे गेली आणि २०२४ मध्ये त्यातून इंडस अ‍ॅपस्टोअर निघालं. माणसाला सिस्टीमकडे ओढण्याऐवजी सिस्टीम माणसाकडे सरकवण्याचा तो प्रयत्न होता. आपल्या कँटीनमधल्या वादात मात्र त्याला अर्धा मिनिटही मिळत नाही.

मग मी काय म्हणते, सगळ्यांनी कीपॅडवरच राहावं? अजिबात नाही. आमच्या गल्लीत काकू यूट्यूबवर बघून ब्लाऊज शिवायला शिकल्या, शेतकरी हवामान बघतात, पोरं सीईटीचे व्हिडिओ बघतात. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं. माझा विरोध ढकलण्याला आहे. दुकानदाराने ढकललं तर माणूस दुकान बदलतो. सातबारा कुठल्या दुकानात मिळतो?

आणि हे तंत्राने अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केलं. साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, मिस्ड कॉल देऊन किंवा आयव्हीआरवर बोलून पैसे पाठवता येतात. जिथे पैशाचा व्यवहार बटणांवर होऊ शकतो, तिथे ‘गट नंबर अमुक, पीक सोयाबीन, क्षेत्र एवढं’ हे का होऊ नये? फोटो पाहिजे हे खरं, तो खातरजमेला आलेल्या सहायकाने काढावा. नोंद तरी शेतकर्‍याच्या आवाजात होऊ दे.

आपल्या डिपार्टमेंटमध्ये दरवर्षी फायनल इयरला अटेंडन्सचं अ‍ॅप, लायब्ररीचं अ‍ॅप आणि कँटीनचं अ‍ॅप होतं. तिन्ही अँड्रॉइडवर आणि तिन्ही व्हायव्हानंतर कोणी उघडत नाही. पुढच्या वर्षी आम्ही तिघी जणी पीकपेर्‍याची आयव्हीआर नोंद घ्यायचं म्हणतोय, कुठल्याही फोनवरून चालणारी. गाईड सरांनी पहिला प्रश्न विचारला, “प्लॅटफॉर्म कोणता?” आम्ही म्हटलं, “सर, बटणं.” ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. चौथी जागा रिकामी आहे. आवाज रेकॉर्ड करायला परभणी-हिंगोलीकडचं कोणी असेल तर लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा. पुण्याचा आवाज नको, आजोबा फोन ठेवून देतील.