अंगणातले डिफरन्शियल

गाडी स्वतःच्या पायावर येते, मालकाच्या नखांत अजून काळे तेल असते आणि पहिले वाक्य ठरलेले असते : "मागचे डिफरन्शियल मीच बदलले हो, घरीच. सगळे नीट बसले, फक्त आवाज तेवढा जात नाही." त्यावर बऱ्याच गॅरेजांतले उत्तरही ठरलेले असते. "मग आता इथे कशाला आणली?" पोरे फिदीफिदी हसतात, मालक ओशाळतो आणि एक चांगले काम दारातून परत जाते. नाहीतर रागारागाने दुप्पट पैसे लावून, अर्ध्या मनाने उरकले जाते.

त्या माणसाने एक काम केलेले असते आणि दुसरे केलेले नसते. डिफरन्शियल उतरवून दुसरे चढवणे हे पहिले काम. क्राऊन आणि पिनियन एकमेकांना जुळवून बसवणे, म्हणजे सेटिंग, हे दुसरे. पहिल्याला ताकद, दोन जॅक स्टँड आणि एक सुट्टीचा दिवस लागतो. दुसऱ्याला मोजमाप लागते. गिऱ्हाइकाला हा फरक ठाऊक नसणे समजण्यासारखे आहे. गॅरेजवालाच जेव्हा दोन्हींचे मिळून एकच बिल फाडतो, तेव्हा घरी काम करणाऱ्याने 'एवढे तर मीही करेन' असे म्हटले तर दोष कोणाला द्यायचा?

घरी असे काम अंगावर घेणारा माणूस बहुधा जीप किंवा जिप्सीचा मालक असतो. त्याला आवड असते, वेळ असतो आणि नवा सुटा भाग सहज मिळत नसल्यामुळे जुन्या बाजाराची वाटही माहीत असते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. तिथून अख्खे डिफरन्शियल रिक्षात घालून आणायचे, रॉकेलने धुवायचे आणि रविवारी गाडीखाली आडवे व्हायचे. त्याची चेष्टा करण्याआधी गॅरेजवाल्यांनी आपल्याच माणसांकडे एकदा पाहावे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि शहरातल्या छोट्या गाडीचे डिफरन्शियल पुढे, गिअरबॉक्सच्या पोटात गेले. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. बोलेरो, इको, छोटा हत्ती आणि पिकअप यांनी मागचे ॲक्सल जिवंत ठेवले असले, तरी केवळ मोटारींवर हात बसलेल्या आजच्या पंचविशीतल्या मेकॅनिकने मागचा क्राऊन-पिनियन उघडून पाहिलाच नसेल, अशी शक्यता मोठी आहे.

घरी काय जमते, हे ॲक्सलच्या घडणीवरून ठरते. ॲम्बॅसॅडर आणि जिप्सी या बँजो पद्धतीच्या. दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर ओढले, प्रोपेलर शाफ्ट सोडला, पुढच्या बाजूचे नट काढले की क्राऊन, पिनियन, केज, स्टार गिअर असा सगळा संच एका तुकड्यात हातात येतो. आत केलेले सेटिंग त्या तुकड्याबरोबरच येते. असे काम अंगणात होऊ शकते, फक्त तो तुकडा पालथे पडून छातीवर पेलायचा नाही, जॅकवर घ्यायचा. जिप्सीला शाफ्टबरोबर ब्रेकची मागची प्लेटही येते, म्हणून ब्रेकचा पाइप आधी सोडावा लागतो आणि शेवटी ब्रेकची हवा काढावी लागते. हे विसरणारे घरीही असतात आणि गॅरेजातही.

विलिजच्या वंशातल्या जीपचा प्रकार वेगळा. तिच्या डाना 44 सारख्या ॲक्सलला मागे झाकण असते. क्राऊन-पिनियनचे घर म्हणजे ॲक्सलच. तिथे 'डिफरन्शियल बदलणे' याचा अर्थ एकतर अख्खे ॲक्सल बदलणे, नाहीतर आतले सगळे शिमपासून नव्याने लावणे. पहिला पर्याय घरी जमतो. दुसरा घरी सुरू होतो आणि गॅरेजात संपतो.

कोणताही पर्याय असला तरी एक गोष्ट गिऱ्हाइकाला फोनवरसुद्धा आवर्जून सांगायला हवी. मागचे एक चाक उचलले की गिअरमध्ये उभी असलेली गाडीही घरंगळू शकते. डिफरन्शियलचे कामच असे आहे की केज जखडला तरी एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरू शकते. जमिनीवरचे चाक उतारावर पुढे सरकते आणि हवेतले उलटे फिरून त्याला वाट करून देते. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे तो ओढून ठेवणेही त्या क्षणी निरुपयोगी. शाफ्ट काढल्यावर तर विचारायलाच नको. सपाट फरशी, पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे आणि ॲक्सलखाली नव्हे तर चासीखाली स्टँड, एवढे झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. विटांच्या चळतीवर गाडी ठेवून खाली झोपण्याची पद्धत अजून कित्येक गॅरेजांत आहे, तेव्हा हा धडा एकट्या गिऱ्हाइकासाठी नाही.

दुसरी चूक बाजारातच होते. डिफरन्शियल दिसायला तेच, फ्लॅंज तीच, नटांची भोके जुळतात, पण दातांचा हिशेब वेगळा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबीचा क्राऊन 39 दातांचा आणि पिनियन 8 दातांचा, म्हणजे गुणोत्तर 4.88. युद्धानंतरच्या सीजे जीपला 43 आणि 8, म्हणजे 5.38. मागे एक आणि पुढे दुसरे घालून फोर व्हील ड्राइव्ह टाकला की पुढची आणि मागची चाके आपापल्या हिशेबाने फिरू पाहतात आणि मधला ट्रान्सफर केस भरडला जातो. चिखलात हे चटकन कळत नाही, डांबरावर लगेच कळते. उघडून न पाहता खात्री करायची तर दोघांनी मागची दोन्ही चाके बरोबरीने दहा फेऱ्या फिरवावीत आणि तिसऱ्याने प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. पावणेएकोणपन्नास आल्या तर 4.88, पावणेचोपन्न आल्या तर 5.38. खडूच्या एका खुणेने होणारी ही तपासणी बाजारातच, पैसे देण्याआधी करता येते.

दातांच्या या आकड्यांत आणखी एक शहाणपण आहे. 43 आणि 8 यांना कोणताही सामाईक भाजक नाही, 39 आणि 8 यांनाही नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात कालांतराने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. कारखान्यात ही जोडी एकमेकांवर घासून तयार करतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. म्हणून एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन असा संसार कधीच सुखाचा होत नाही. भंगारवाला शपथेवर 'मॅचिंग आहे' म्हणाला तरी नंबर पुसून, वाचून घ्यावा.

आता सेटिंग. इथे धंद्याने स्वतःचे कान धरावेत अशी स्थिती आहे. क्राऊन हाताने हलवून "ठीक आहे, एवढा प्ले पाहिजेच" असे म्हणणाऱ्या उस्तादांच्या हाताखाली दोन पिढ्या तयार झाल्या. काही उस्तादांचा हात खरोखर डायल गेजइतका नेमका होता. शिष्यांना हात मिळाला नाही, वाक्य तेवढे मिळाले. डाना 44 मध्ये क्राऊन आणि पिनियन यांच्यातला प्ले 0.13 ते 0.23 मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढा. तो बोटाने कळतो असे म्हणणाऱ्याने एकदा बेकरचा डायल लावून स्वतःची परीक्षा घ्यावी. पिनियनच्या नव्या बेअरिंगचा प्रीलोड साधारण 20 ते 40 इंच-पौंड. तो मोजायला वेगळा टॉर्क रेंच लागतो. चाकाचे नट आवळायचा रेंच हा आकडा दाखवूच शकत नाही.

मग दातांवरचा ठसा. आपल्याकडचे जुने लोक तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या चार-पाच दातांना लावत आणि पिनियन फिरवून ठसा बघत. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, जगभरच्या वर्कशॉपांत गिअर तपासायला तोच वापरत. शिसे विषारी असल्यामुळे आता बिनशिशाचे पिवळे किंवा निळे रंग मिळतात, तेच घ्यावेत. ठसा दाताच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत आहे, माथ्यावर गेला तर फार बाहेर. दाताच्या आतल्या किंवा बाहेरच्या टोकाला सरकला तर क्राऊनची जागा बघायची. एक शिम बदलला की दुसरे माप हलते, म्हणून पुन्हा खोलायचे, पुन्हा लावायचे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कंटाळा येतो आणि नेमक्या तिथेच काम बिघडते. दोन वर्षांच्या आयटीआयमध्ये हे पोरांना शिकवलेले असते. गॅरेजात आल्यावर त्यांना तो रंग पुन्हा दिसत नाही.

घरी होणारी सर्वांत महागडी चूक तर डिफरन्शियल न काढताच होते. पिनियनचे ऑइल सील गळते, मालक ते बदलतो आणि पान्याला लांब पाइप लावून नट 'कचकचून' आवळतो. ज्या ॲक्सलात पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये चेपला जाणारा स्पेसर असतो, तिथे तो एकदा जास्त चेपला गेला की नट सैल करूनही पूर्ववत होत नाही. बेअरिंग तापते आणि महिनाभरात 'घूं' असा आवाज सुरू होतो. नट काढण्यापूर्वी नट, शाफ्ट आणि फ्लॅंज यांवर पोगराने खूण केली असती आणि धाग्यांची संख्या मोजून ठेवली असती, तर हे टळले असते.

अर्थात प्रत्येक 'घूं' डिफरन्शियलचा नसतो, आणि त्याचे डिफरन्शियल फुकट बदलले गेले असेल हे गिऱ्हाइकाला सांगणे जिवावर येते. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. वळणावर एका बाजूला वाढला तर चाकाचे बेअरिंग. गिअर टाकताना 'ठक्' झाले तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघावा. पाय दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असे असेल तरच क्राऊन-पिनियनवर संशय घ्यावा.

तेलाबद्दल एवढेच. पॅकार्ड कंपनीने 1926 च्या सुमारास हायपॉइड क्राऊन-पिनियन आणले. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली गेला, शाफ्ट खाली आला आणि गाडीची फरशीही खाली आली. बदल्यात दात एकमेकांवर लोळण्याबरोबर घसरूही लागले आणि साध्या तेलाला ते झेपेना. म्हणून गंधकाच्या वासाचे जीएल-5. दुकानात '90 नंबर' मागून चालत नाही, कारण 90 हा घट्टपणा झाला, प्रत नव्हे. तेच जीएल-5 पितळी सिंक्रोनायझरच्या गिअरबॉक्समध्ये बिनदिक्कत ओतणारे महाभागही आहेत. तेल सोडण्याआधी भरायचे बूच सुटते का ते बघावे. नाहीतर रिकामे ॲक्सल आणि गंजलेले बूच असा रविवार वाट्याला येतो.

आणि पावसाळा. तापलेले ॲक्सल ओढ्यातल्या गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. कोकणातल्या गाड्यांचे दुधी तेल बहुतेक असेच होते. ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर बॉडीत नेली तर खर्च चहापाण्याएवढा.

या मासिकाचे म्हणणे असे, की गॅरेजांनी सुटे डिफरन्शियल टेबलावर तपासून आणि सेट करून देण्याचे काम उघडपणे घ्यावे आणि त्याचे वेगळे, भरभक्कम पैसे लावावेत. उतरवणे-चढवणे मालकाला करायचे असेल तर खुशाल करू द्यावे. त्याच्या रविवारावर गॅरेज चालत नाही. मोजमापावर मात्र चालू शकते, कारण डायल, छोटा टॉर्क रेंच आणि शिमचा डबा प्रत्येक अंगणात नसतो. हल्ली एखाद्या अंगणात तो असतोही, आणि मग तो मालक गॅरेजवाल्याला आकडा विचारतो. त्या वेळी सांगायला आकडा हवा.

त्यासाठी साधे पुठ्ठ्याचे कार्ड पुरे. क्राऊन आणि पिनियनचे दात, जोडीचा नंबर, प्ले किती, प्रीलोड किती, शिम किती जाडीचे, तेल कोणते. ठशाचा फोटो मोबाइलवर काढून मालकाला पाठवून द्यावा. कार्डाच्या मागे सूचना असाव्यात : नवी जोडी असेल तर पहिली वीस मिनिटे हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, सुरुवातीला ओझे ओढू नये आणि 800 किलोमीटरला तेल बदलावे. ते काढलेले तेल ओतून न देता बाटलीत भरून कार्डासह गॅरेजात आणावे. चुंबकाला करडी साय चिकटली तर 'ठीक' असा शेरा, चकचकीत कपची सापडली तर डिफरन्शियल पुन्हा टेबलावर.