फोनवरचे विद्यापीठ

गेल्या वर्षी पूर्व उत्तर प्रदेशातील एका विद्यापीठात एम. ए.च्या लघुप्रबंधांचा बहिःस्थ परीक्षक म्हणून मी गेलो होतो. एका विद्यार्थिनीचा विषय होता महिला ग्रामप्रधानांचा कारभार. आपल्या परिसरातील ११ प्रधान महिलांच्या भोजपुरी मुलाखती तिने फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पंचायतीच्या ठरावांची पानेही फोननेच टिपली होती. एका बैठकीच्या चित्रफितीत प्रधानबाई गप्प बसल्या होत्या आणि सगळे निर्णय त्यांचे यजमान सांगत होते. इतकी अस्सल सामग्री मी अनेक पीएच.डी. प्रबंधांतही पाहिलेली नाही.

प्रबंध मात्र विस्कळीत होता. परिच्छेद दोन-तीन ओळींचे, एकच मुद्दा तीन प्रकरणांत पुन्हा पुन्हा आलेला, तळटीपा भलत्याच पानांवर. मी कारण विचारले, तेव्हा तिने संकोचत सांगितले की सगळा मजकूर तिने फोनवरच टंकला होता. तयार झालेले तुकडे ती व्हॉट्सअ‍ॅपवरून झेरॉक्सच्या दुकानात पाठवी आणि तिथला मुलगा ते जोडून देई. ‘‘सर, लिहिताना आधीचा परिच्छेद दिसतच नाही,’’ असे ती म्हणाली. विभागात संगणकांची खोली होती. पण ती चार वाजता बंद होई आणि हिचे तास साडेतीनला संपत. मी मांडणीचे गुण कापले. निकष तसेच होते.

फोनने उच्च शिक्षणात काय आणले आणि काय राहून गेले, हे मला या एका प्रबंधात जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही धोरणपत्रात दिसले नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील जेमतेम ११ टक्के घरांत संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण साडेचार टक्क्यांहूनही कमी होते. २०२५च्या सरकारी दूरसंचार सर्वेक्षणानुसार सुमारे ८५ टक्के कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन आहे. या काळात फोन ज्या वेगाने घरोघर गेला त्या वेगाने संगणक गेलेला नाही, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या वर्गात डोकावले तरी कळते.

दुसरीकडे विद्यापीठाचा व्यवहार झपाट्याने पडद्यावर गेला. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली. केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशाची सामायिक परीक्षा २०२२ पासून सुरू झाली. तिचा अर्जही ऑनलाइनच. उच्च शिक्षणात २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते आणि एकूण पटनोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे उद्दिष्ट आहे. ही वाढ ज्या घरांतून व्हायची आहे, त्यांतील बहुतेकांत फोन हेच एकमेव साधन असणार.

आपल्या व्यवस्थेला या साधनाबाबत दोनच प्रतिक्रिया सुचतात. एक, ते काढून घेणे. केरळमधील कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा, म्हणजे नेमक्या अभ्यासाच्या वेळी, फोन वापरण्यास मनाई होती. विरोध करणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. मतदानाचा हक्क असलेल्या मुलीने रात्री आठ वाजता काय वाचावे हे अधीक्षिकेने ठरवावे, ही कल्पना मात्र अनेक वसतिगृहांत अजून ठाण मांडून आहे.

दुसरी प्रतिक्रिया फुकट वाटण्याची. उत्तर प्रदेशात २५ डिसेंबर २०२१ रोजी, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, विद्यार्थ्यांना स्मार्टफोन व टॅबलेट देण्याची योजना सुरू झाली. तमिळनाडूने २०११ मध्येच लॅपटॉप वाटायला सुरुवात केली होती आणि २०२५च्या अर्थसंकल्पात २० लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टॅबलेट किंवा लॅपटॉप देण्याची घोषणा केली. मला अशा वाटपाचा तिटकारा नाही. ज्या घरात एक फोन तिघा भावंडांत फिरतो तिथे दुसरे उपकरण येणे ही मोठी गोष्ट आहे. पण वाटप झाले की सरकारचे काम संपते, आणि विद्यापीठाचे काम तर सुरूच होत नाही.

विद्यापीठाने आधी हे पाहायला हवे की फोन कशासाठी चांगला आहे. ऐकणे, टिपणे, मुलाखत घेणे, दस्तावेजाची प्रत काढणे, दुसऱ्या भाषेतला मजकूर पडताळणे यांसाठी तो उत्तम आहे, आणि त्यावर आधारलेले स्वाध्याय देणारे शिक्षक मी पाहिले आहेत. दीर्घ वाचन आणि दीर्घ लेखन यांसाठी तो अपुरा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. सुमारे १३ हजार संशोधनपत्रिका १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधकांना खुल्या व्हाव्यात हा हेतू. योजना स्तुत्य आहे. पण दोन स्तंभांत छापलेला तीस पानी लेख सहा इंची पडद्यावर वाचून पाहावा. तक्ता मोठा करावा तर मजकूर निसटतो, मजकुराकडे यावे तर तक्त्यातला आकडा विसरतो.

वर्गात फोनमुळे लक्ष उडते, ही सहकारी प्राध्यापकांची तक्रार खरी आहे. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालानेही शाळांतील स्मार्टफोनबाबत सावधगिरी सुचवली होती. माझ्या व्याख्यानात फोन बंद ठेवावा, असे मीही सांगतो. पण वर्गाबाहेर ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही, त्याला हा उपदेश पुरत नाही.

फोनवर विसंबण्याची आणखी एक किंमत आहे, आणि ती सीमावर्ती राज्यांतील विद्यार्थ्यांनी मोजली आहे. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून बंद झालेली ४जी सेवा सर्वत्र सुरू होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला. करोनाकाळातले पहिले वर्ष तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी २जीवर काढले. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये इंटरनेट बंद झाले. जुलैमध्ये ब्रॉडबँड अटींसह सुरू झाले. मोबाइल इंटरनेट मात्र, मधले काही दिवस सोडता, बहुतांश भागांत डिसेंबरपर्यंत बंदच होते. ज्याच्या घरी तार पोहोचली होती त्याचा अभ्यास जुलैत सुरू होऊ शकला, ज्याच्या हाती फक्त फोन होता त्याचे सत्र बुडाले. इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते प्रमाणशीर असावेत आणि बेमुदत नसावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच बजावले होते. अशा काळात विद्यापीठांची तारजोडणी चालू ठेवणे प्रशासनाला अशक्य नाही.

बाकीचे उपाय त्याहून साधे आहेत. फोनला जोडता येणारा कळफलक काही शे रुपयांत मिळतो. ग्रंथालयाने पुस्तकासारखे ते घरी द्यावेत. पाठ्यसामग्री स्कॅन केलेल्या पानांऐवजी पडद्याच्या रुंदीनुसार जुळणाऱ्या मजकुराच्या रूपात द्यावी. ‘नॅक’ संगणक व विद्यार्थी यांचे प्रमाण तपासते. त्या प्रमाणावरून संगणकांची खोली किती तास उघडी असते हे कळत नाही. तेही तपासावे.

मौखिक परीक्षा संपल्यावर मी विभागप्रमुखांना विचारले की ती खोली रात्री आठपर्यंत उघडी ठेवता येईल का. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, शिपायाचे पद सहा वर्षे रिक्त आहे, कुलूप लावायला कोण थांबणार?