बाकावरची ओळख, चाळिशीनंतरचं लग्न

गेल्या महिन्यात एका लग्नाला गेले होते. ना मांडव, ना बॅन्ड. विवाह नोंदणी कार्यालयात दोघांच्या सह्या, तीन साक्षीदार आणि मग वीस-पंचवीस जणांचं जेवण. नवरी आमच्या महिला मंडळातली, वय सेहेचाळीस. नवरा तिच्याच दहावीच्या वर्गातला. तिचे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले, त्याची बायको २०२१ मध्ये करोनात गेली.

हल्ली गावोगावी दहावीच्या बॅचचे स्नेहमेळावे भरतात. मोबाईलवर ग्रुप होतो, गुरुजनांचा सत्कार होतो, जुने फोटो फिरतात. अशाच ग्रुपवर त्याने विचारलं, वारस दाखल्याला काय काय कागद लागतात? ती या सगळ्यातून गेलेली. तिने यादी पाठवली. बोलण्याची सुरुवात ही अशी, तलाठी कार्यालयाच्या खेपांपासून!

पण गावात तिला प्रश्न आला तो वेगळाच. ‘‘शाळेपासूनच होतं का गं काही?’’ अहो, आमच्या वेळी मुलामुलींच्या रांगा वेगळ्या. वही मागायची तरी चोरी. त्याला मात्र असं कोणी विचारलं नाही. ‘‘घरात बाईमाणूस हवंच’’ एवढ्यावर त्याचं भागलं. तिला सोबत हवी म्हटलं, की तिचं अख्खं आयुष्य तपासायला घेतात.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. म्हणजे एवढ्या वर्षांनंतरही कुंकू पुसू नका, बांगड्या फोडू नका, हे सांगायला ठराव करावा लागतो. आता वाळीत कोणी टाकत नाही, पण कुजबुज चालूच असते.

या कुजबुजीच्या मागे बऱ्याचदा जमीन आणि घर असतं, हे माझ्या कामात मी पाहिलंय. ‘‘लग्न केलंस तर इथलं सगळं सोडावं लागेल,’’ असं बाईला सांगितलं जातं. हे कुठून आलं? १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क जायचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हे बदललं. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलं आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. तिला मिळालेला वाटा पुढे लग्न केलं म्हणून परत जात नाही. पेन्शनचे नियम मात्र वेगळे असतात, ते त्या त्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावेत.

आता थोडं आपल्याही बाजूने. जुनी ओळख म्हणजे पूर्ण ओळख नव्हे, बरं का. आपल्याला माहीत असतो तो सोळा वर्षांचा मुलगा. मधल्या तीस वर्षांत तो काय झाला, ते ग्रुपवरच्या सुप्रभातच्या फुलांवरून कळत नाही. ‘‘आमचं पटत नाही, वेगळेच राहतो’’ म्हणणाऱ्याकडे घटस्फोटाचा न्यायालयाचा हुकूम मागा. पहिलं लग्न कायद्याने संपलेलं नसेल तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, गुन्हाही होतो. कर्ज, आजारपण, मुलांचं म्हणणं, सगळं आधी बोला. आणि मुलांना सावत्र वडिलांच्या मिळकतीत आपोआप वाटा मिळत नाही. द्यायचा असेल तर मृत्युपत्र करावं लागतं.

माझ्या मैत्रिणीने हे सगळं विचारलं. त्यालाही राग आला नाही, उलट स्वतःच फाईल घेऊन आला. तिची कॉलेजातली मुलगी आधी दोन महिने धड बोलत नव्हती. लग्नात तीच साक्षीदार म्हणून सही करायला उभी राहिली. पहिल्या सासूबाई जेवायला आल्या, शेवटच्या पंगतीला बसल्या, फारसं बोलल्या नाहीत. निघताना मात्र सुनेच्या ओटीत नारळ घातला.

मैत्रिणींनो, तुमच्याही बॅचचा ग्रुप असेल. त्यात एखादी एकटी असेल. उद्या तिने असं काही ठरवलं, तर ‘‘शाळेपासूनच होतं का?’’ हे विचारू नका. ‘‘कागद नीट बघितलेस ना?’’ एवढं विचारा, आणि साक्षीदार कमी पडत असेल तर तुम्ही जा.