पितळी पलंगाला उजळा

दिवाळी आठ दिवसांवर आली, की घरोघरच्या पितळेला एकदम भाव येतो. वर्षभर माळ्यावर काळवंडून पडलेल्या समया, तबके, घंगाळी खाली उतरतात, चिंचेचा कोळ आणि चिमूटभर रांगोळी घेऊन कोणी तरी मोरीत बसते, आणि तासाभरात न्हाणीघरात सूर्य उगवतो. या कामाबद्दल मी आपल्याला चार गोष्टी शिकवाव्यात, एवढी माझी प्राज्ञा नाही. समई कशी घासावी हे आपण पोटातूनच शिकून येतो. पण त्याच हौसेच्या भरात हात पुढे सरकतो तो आजेसासूबाईंच्या पितळी पलंगाकडे, आणि तिथे मात्र मला हात धरावासा वाटतो.

कारण समई ओतीव असते. आतबाहेर पितळच. पन्नास दिवाळ्या घासली तरी तिचे फार काही बिघडत नाही; नक्षी थोडी बुजते, एवढेच. पलंगाची गोष्ट निराळी आहे. ती मला नीट उमगली, ती गेल्या उन्हाळ्यात आमच्या काकूच्या घरी.

काकूची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघाली. साठ वर्षे ज्या दोन खोल्यांत संसार झाला, त्या महिन्याभरात मोकळ्या करायच्या होत्या. भांडीकुंडी, ट्रंका, फडताळे यांचा निकाल भराभर लागला. अडले ते पलंगापाशी. हा पलंग माझ्या आजोबांनी लढाईच्या आधी कुठल्याशा लिलावात घेतला. चार खांब, त्यांवर चार गोळे, डोक्याशी आणि पायथ्याशी पितळी गज, आणि मच्छरदाणीच्या दांड्या अडकवायला वर सोय. काकू लग्न होऊन आली ती या पलंगावर, आणि काका गेले तेही याच पलंगावरून. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘ताई, नवीन खोली दहा बाय नऊची. पलंग साडेसहा बाय साडेचार. तूच सांग.’’ काकू काहीच बोलली नाही. ती लसूण सोलत होती, ती सोलत राहिली.

भावाने भंगारवाला बोलावला. त्याने खिशातून दोरीला बांधलेला लोहचुंबक काढला आणि खांबाजवळ नेला. चुंबक टच्‌कन चिकटला. गजांना चिकटला. गोळ्यांना तेवढा चिकटला नाही. ‘‘लोखंड आहे साहेब, वर नुसता पत्रा,’’ असे म्हणून त्याने जो भाव सांगितला, तो ऐकून भावाचा चेहरा पडला. ‘‘म्हणजे आजोबांना लिलावात चक्क टोपी घातली!’’

टोपी कोणी घातली नव्हती. असले पलंग बव्हंशी असेच घडत. गेल्याच्या गेल्या शतकात या धंद्याची राजधानी म्हणजे इंग्लंडातले बर्मिंगहॅम. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात तिथल्या विनफील्ड कंपनीने खांबांचा पितळी पलंग मांडला होता. पुढे हे पलंग ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे गेले, आपल्याकडेही आले. ते एवढे लोकप्रिय झाले त्याचे कारण नुसता थाट नव्हे. कारण अगदी घरगुती आहे : ढेकूण. लाकडी पलंगाच्या सांध्यासांध्यांत ज्यांच्या पिढ्या सुखाने नांदत, त्यांना धातूच्या गुळगुळीत नळीत बिऱ्हाड करायला जागा मिळेना. (आमच्या घरात ‘हे’ म्हणतात, की साहेबाने हिंदुस्थानात आणलेल्या सुधारणांपैकी ही एकच निर्विवाद.) भारी पलंगात नळी निखळ पितळेची असे. पण मध्यमवर्गाला परवडावा म्हणून लोखंडी नळीवर पितळेचे पातळ आवरण ओढून बसवीत. भार लोखंडाने सोसायचा आणि मिरवायचे पितळेने. ही फसवणूक नव्हे. जरीच्या काठातला रेशमी धागा जसा कोणी फसवणूक मानीत नाही, तसेच हे.

वरचे पितळ उघडे ठेवीत नसत. त्यावर स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा पातळ थर देत. पितळ तापवून, ऊन असतानाच कुंचल्याने. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत हे काम प्रामुख्याने बायका करीत. सोनेरी छटा यावी म्हणून त्या लाखेत केशर घालीत, हळदही घालीत. आता ही लाख कुठली? तिचा मोठा पुरवठा आपल्याकडूनच. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची ती करणी. म्हणजे छोटा नागपूरच्या रानातली लाख बोटीने विलायतेला जायची, हळदीचे बोट लावून घ्यायची आणि पलंगावर बसून परत मुंबई बंदरात उतरायची. माहेरवाशीण म्हणायची ती हिलाच.

हे सगळे मी भावाला सांगितले, पण त्याचा उपयोग उलटाच झाला. वहिनी एकदम उत्साहाने म्हणाली, ‘‘मग टाकायचा कशाला? चकचकीत करून नेऊ. माझ्या मैत्रिणीने केला ना! आरशासारखा दिसतो.’’ तिने उपनगरातल्या एका बफिंगवाल्याचा नंबरही काढला. विजेवर गरगर फिरणारे कापडी चाक, त्याला लावलेली खरीची वडी, त्यावर नळी धरायची. एका दुपारीत पलंग नवा. तिचा विचार प्रेमाचाच होता. जुना पलंग नव्या घरात न्यायला ती तयार झाली होती, हीच मोठी गोष्ट.

त्यावर काकू पहिल्यांदा बोलली. ‘‘माझ्या उशाकडचा खांब बघ आधी,’’ ती मला म्हणाली.

मी बघितला. उशाकडचा डावा खांब, गादीपासून वीतभर वर. साठ वर्षे रोज पहाटे काकू तोच खांब धरून उठत आली. काका शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळले होते, तेही त्याच जागी धरून कूस बदलीत. त्यांची अंगठी आणि तिच्या बांगड्या तिथेच घासत आलेल्या. बाकी खांब तपकिरी, काळपट. तेवढी जागा सोन्यासारखी पिवळी, आणि तिच्या मध्यभागी बोटाच्या पेराएवढा राखी डाग. तो डाग मळाचा नव्हता. ते लोखंड होते. माणसाच्या हाताने पितळ संपले होते.

माझ्या मते पलंगाविषयी जे जाणायचे, ते एवढ्या डागात आहे. ते आवरण साध्या पुठ्ठ्याहूनही पातळ असते. उजळा म्हणजे पितळ उगवणे नव्हे, पितळ खरवडणे. कापडाने घासा की चाकाने, प्रत्येक वेळी वरचा थोडा अंश जातो. हाताला साठ वर्षे लागली, तिथे चाकाला काही मिनिटे पुरतात. कडा, कंगोरे आणि नळीची शिवण इथे आधी छेद पडतो. वहिनीच्या मैत्रिणीचा पलंग मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिला. दुरून आरसा, जवळून पाहिले तर कंगोऱ्यांवर राखी रेघा आणि शिवण उघडून तिथून तांबूस गंज डोकावतो आहे. त्या बाईंना अजून ते दिसलेले नाही, आणि मीही दाखवले नाही.

मग चिंच-लिंबू तरी चालेल का, असे पुष्कळ भगिनी विचारतील. पलंगाला नको. कोळ शिवणीत उतरतो, पितळ आणि लोखंड यांच्या मध्ये जाऊन बसतो. दोन धातू चिकटून असले आणि मध्ये ओल असली, की लोखंड एरवीपेक्षा लवकर सडते. गंज फुगतो आणि पितळ आतून उचलले जाते. शिवाय आंबट फार वेळ राहिले तर पितळेतले जस्त निघून जाते आणि उरलेले तांबे गुलाबी डाग होऊन वर दिसते. काचा पुसण्याच्या काही औषधांत आणि काही पातळ पॉलिशांत अमोनिया असतो. त्याची गोष्ट तर इतिहासात नोंदलेली आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेचा दारूगोळा पावसाळ्यात तबेल्यांतून ठेवीत, आणि हंगाम उलटल्यावर बाहेर काढावा तर पितळी काडतुसांना भेगा! त्याचा उलगडा पुढे १९२१ साली झाला : ओढून-ताणून घडवलेले पितळ, दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. पलंगाची नळीही ओढूनच घडवलेली असते. हात फिरला म्हणून लगेच ती तडकणार नाही, पण मुंबईच्या पावसाळ्यात असले पाणी शिवणीत मुरू देऊ नये.

आम्ही काम केले ते तीन रविवार बसून. पहिला रविवार पलंग सोडवण्यात गेला. बाजूच्या लोखंडी पट्ट्यांची टोके पाचरीसारखी असतात आणि ती खांबावरच्या बिडाच्या खोबणीत वरून बसवलेली असतात. तिथे ना पेच, ना खिळा. सांध्यात मशीनचे तेल सोडून रात्रभर थांबावे आणि सकाळी खालून लाकडी हातोड्याने, मध्ये कापडाची घडी धरून, वर ठोकावे. लोखंडी हातोडा मारू नये. बीड तडकते, आणि ते जोडणे सोपे नसते. गोळे आट्यांचे असतात. ते काढले की खांबाच्या पोटातून जाणारी सळई दिसते, तिच्यावर नळ्या आणि कडी ओवलेली असतात. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधावी. चारही गोळे दिसायला सारखे, पण ज्याचे आटे त्यालाच बसतात. आमच्या एका गोळ्यात चुरगळलेला ट्रामचा कागद निघाला. भावाने लहानपणी लपवलेली तिकिटे! मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. मग ती त्याची की थोरल्या भावाची, यावर अर्धा तास वाद झाला.

दुसऱ्या रविवारी लाख. पितळ एकसारखे तपकिरी-सोनेरी असून मध्येच काळे ठिपके आणि रेघा असतील, तर वर लाख शिल्लक आहे असे समजावे. थर जिथे फुटला तिथेच पितळ काळे पडते. बराचसा थर धड असेल तर त्याला हातच लावू नये, कोरड्या फडक्याने पुसून सोडून द्यावा. आमचा थर सालपटासारखा निघत होता. कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटात बुडवून खांबाच्या मागच्या बाजूला घासून पाहिला. बोळा चिकट, पिवळा झाला, म्हणजे लाखच. मग वीतवीत करीत ती उतरवली. खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून, हे सांगायला नकोच. पणत्यांच्या दिवसांत तर हे काम काढूच नये.

तिसऱ्या रविवारी उजळा. खडूची भुकटी मलमलीतून दोनदा गाळली, त्यात तेलाचे चार थेंब टाकले, आणि काकूच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने नळीच्या लांबीच्या दिशेने घासले. वहिनी घासत होती, मी पुसत होते. काळे जाऊन मंद पिवळे आले, तिथे मी तिचा हात थांबवला. ‘‘अजून चमकेल की!’’ ती म्हणाली. चमकले असते. पण कंगोऱ्यांतला काळसरपणा राहू दिला, म्हणून तर नक्षी उठून दिसते. तो सगळा काढला की पलंग काल मुरादाबादहून आल्यासारखा दिसतो. शेवटी स्पिरिटाच्या बोळ्याने तेलकटपणा काढून, हातमोजे घालून मेणाचा पातळ हात दिला. घामाच्या हाताचा ठसा पितळेवर चार दिवसांत उमटतो, म्हणून हातमोजे. मेण तीनचार महिने टिकते. पुन्हा लाख चढवायची तर पितळ सर्वत्र सारखे तापावे लागते. ते घरी साधत नाही, आणि ओघळ आले की दृष्ट लागल्यासारखे दिसते.

राहिला काकूचा खांब. वहिनी म्हणाली, तेवढ्या डागावर पितळेचा मुलामा मिळेल, चौकशी करू या का? काकूने डोळे वर न करता सांगितले, ‘‘तिथं काही करू नका.’’ मग तिथे फक्त मेण चोळले, लोखंड गंजू नये एवढ्यापुरते.

नव्या घरात, अकराव्या मजल्यावर, पलंग लिफ्टमधून सुटा सुटा चढला आणि तासाभरात उभा राहिला. तेव्हा ध्यानात आले, की खोलीत तो एकाच बाजूने बसतो आणि काकूचा खांब भिंतीकडे जातो. डोक्याकडची बाजू पायथ्याशी नेता येत नव्हती. खोबणी निराळ्या होत्या. शिवाय त्या बाजूला उत्तर येत होती. उरलेल्या भिंतीला वहिनीने कपाट करायला दिले होते, मापे घेऊन आगाऊ पैसेही दिले होते. ती दारात उभी राहून पाच मिनिटे त्या भिंतीकडे पाहत होती. काकू गादीच्या कडेला बसली होती आणि तिचा डावा हात हवेत खांब शोधीत होता.

वहिनीने सुताराला फोन लावला. कपाट आता बाहेरच्या खोलीत आहे.