माटुंग्यात कुठे खायचे? पाटी वाचू नका, विचारा



गावाकडून कोणी मुंबईला आले, की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, तुमच्या माटुंग्यात आपल्याला चालेल असे हॉटेल कुठले?" विचारणाऱ्या बाईला बहुधा एक नाव हवे असते, ज्याच्या दारावर 'जैन' अशी पाटी असेल. मला मात्र वाटते, की आपण पाटीवर फार विसंबायला लागलो आहोत आणि आपला नियम काय आहे, हे सांगायची सवय मोडत चालली आहे.

आधी हा भाग कसा आहे ते सांगते. किंग्ज सर्कलच्या आसपास अर्ध्या तासात पायी फिरले, तर पाच-सहा प्रकारची स्वयंपाकघरे लागतात. १९४० सालापासूनचे कॅफे मद्रास, स्टेशनाजवळचे राम आश्रय, ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेले केळीच्या पानावर जेवण वाढणारे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. सर्कललाच १९३२ सालचे कूलर अँड कंपनी हे इराण्याचे दुकान. कच्छी-गुजराती जैनांची मोठी वस्ती असल्यामुळे फरसाणाची आणि थाळीची ठिकाणे आहेतच. पलीकडे पारशी कॉलनी. तमिळ आजी फुलांच्या बाजारात गजरा घेत असते आणि शेजारी आपली कच्छी बाई देरासरातून परतत असते. असा हा भाग.

आता पाटीबद्दल. 'जैन' म्हटले, की बहुतेक हॉटेलांत कांदा, लसूण, बटाटा काढतात. एवढ्यावर आपले भागते का? मेदूवड्यात आल्याचे तुकडे असतात. उपम्यात आणि रवा इडलीत गाजर येते. दहीवडा म्हणजे उडीद आणि कच्चे दही, सरळ सरळ द्विदल. खोबऱ्याच्या चटणीत डाळं असते. तिच्यात दही घातले असेल तर तीही त्यातच गेली. आणि इडली-डोशाचे पीठ रात्रभर आंबवलेले असते. ते कोणाला चालते, कोणाला चालत नाही. माझ्या सासूबाईंना चालत नाही, मला चालते. मग एकच पाटी आम्हा दोघींना कशी पुरेल?

म्हणून मी म्हणते, अण्णांना विचारा. "जैन आहे का?" असे नाही. "सांबारात कांदा आहे का? वड्यात आले आहे का? चटणीत दही आहे का?" असे एकेक विचारा. गर्दीच्या वेळीही नीट उत्तर मिळते, कारण त्या स्वयंपाकघरांना असले प्रश्न नवीन नाहीत. उडुपीच्या श्रीकृष्ण मठाच्या परंपरेतला स्वयंपाक मुळातच कांदा-लसणाशिवाय होतो. त्यांच्याकडेही चातुर्मासाचे व्रत असते: एक महिना भाज्या वर्ज्य, पुढचा महिना दही, मग दूध आणि शेवटच्या महिन्यात डाळी. त्या शेवटच्या व्रताला ते 'द्विदल व्रत'च म्हणतात. अर्थ आपल्याहून वेगळा, शब्द तोच. ज्यांच्या घरी आजीने महिन्यामहिन्याला एकेक पदार्थ सोडला आहे, त्यांना आपला प्रश्न विचित्र वाटत नाही.

आणि हे लोक आपल्याला परके तरी कुठे आहेत? उडुपी हॉटेलवाल्यांचा मुलूख म्हणजे तुळुनाडू. आपण मूडबिद्रीच्या हजार खांबांच्या बसदीला आणि कारकळच्या बाहुबलींना जातो, तो हाच. कारकळची मूर्ती १४३२ सालची. यात्रेत आपण त्यांच्या गावी जेवतो, तेव्हा मुंबईत बिचकायचे कारण नाही.

आता नेमके काय घ्यावे? आंबवलेले चालत नसेल त्यांनी नीर डोसा मागावा. तांदूळ भिजवून, वाटून, पातळ पीठ करून लगेच घालतात, सोबत खोबरे-गूळ. तांदळाची शेवईही तशीच. फोडणीत काय आहे तेवढे विचारा. गोडात अननसाचा शिरा. मसाला डोशाऐवजी साधा डोसा घ्यावा, पण तवा तोच का, हेही विचारायला लाजू नये. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे सोडणाऱ्यांनी कोथिंबीर आणि कढीपत्ता लक्षात ठेवावा; तिथे दोन्ही सढळ हाताने पडतात. आणि फिल्टर कॉफी! तिच्यात बहुधा चिकोरी मिसळलेली असते आणि चिकोरी म्हणजे एका झाडाचे मूळ, वाळवून भाजलेले. सुंठ आणि हळद वाळलेली म्हणून आपण घेतो, त्याच न्यायाने कोणी कॉफी घेईल, कोणी घेणार नाही. पण माहीत असून घ्यावी.

वेळेचेही तसेच. जूनअखेर मुंबईत सूर्यास्त सव्वासातनंतर होतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटे आधी आटपायचे तर हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच पान उचलले पाहिजे. रात्री नऊला हॉटेलात जाऊन "आम्हाला जैन द्या" म्हणणाऱ्या टेबलाकडे पाहून मला वाईट वाटते. कांदा टाळला आणि सूर्य विसरला. संध्याकाळी चारचे टिफिन ही माटुंग्याची जुनी रीत आहे, ती जणू आपल्यासाठीच आहे.

काही भगिनी म्हणतात, "एवढे विचारण्यापेक्षा बाहेर जाऊच नये." ज्यांनी प्रतिमा धारण केल्या आहेत, त्यांना मी हात जोडते, त्यांचा मार्ग वरचा. दशलक्षण पर्वात आमच्याही घरात बाहेरचे पाणीसुद्धा येत नाही. पण माझी मुलगी इथल्या कॉलेजात शिकते. तिच्या घोळक्यात एक तमिळ मुलगी आहे, एक पारशी, एक कोळ्यांची, एक मुसलमान. त्यांनी कुठेतरी बसून खायचे, गप्पा मारायच्या. मी तिला फक्त 'आपल्या' हॉटेलांत जायला शिकवले, तर दोनच गोष्टी होतील: ती एकटी पडेल, नाहीतर गुपचूप नियम सोडेल. त्याऐवजी ती म्हणते, "मी हे खात नाही, हे खाते." मैत्रिणी मग तसेच ठिकाण निवडतात. नियम लपवून टिकत नाही, सांगून टिकतो.

इराण्याकडे ती बसते का? बसते. जिथे आम्लेट आणि खिमा होतो, तिथले ती काही खात नाही, पाण्याची बाटली घरची असते. पण नाक मुरडून उठतही नाही. यावर माझ्या नणंदेचे आणि माझे जमत नाही. तिच्या मते तिथे पायच ठेवू नये. माझ्या मते व्रत माझ्या पानाचे आहे, शेजाऱ्याच्या पानाचे नाही. २०१५ साली पर्युषणातल्या मांसविक्रीबंदीवरून मुंबईत केवढी कटुता झाली, ते आपण पाहिले. जीवदया मनापासून पटावी असे वाटत असेल, तर ती आपल्या वागण्यातून दिसू द्यावी. बंदीने लोक चिडतात. आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसून कोणी प्रेमाने नुसते नारळपाणी पीत असेल, तर लोक विचारतात, "का गं, तू हे का खात नाहीस?" धर्माची गोष्ट सांगायला याहून चांगली संधी कुठली?

तेव्हा पुढच्या वेळी माटुंग्याला याल, तेव्हा मला हॉटेलाचे नाव विचारण्याआधी आपला नियम कागदावर लिहून आणा: काय सोडले आहे, कोणत्या तिथीला, किती वाजेपर्यंत. तो कागद हातात असला, की या भागात उपाशी राहायची वेळ येत नाही. आणि सुनांना, मुलींनाही तो पाठ करायला लावा, कारणांसकट.

तुमच्या भागात तुम्ही काय विचारता, काय घेता, जरूर कळवा.

जय जिनेंद्र!