जलाशय कोणाचे, धावपट्टी कोणाची?

उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. जुलै २०२१ मध्ये पोलादपूर तालुक्यातच साखर-सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. महाड तालुक्यात तळियेला ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रस्ते तुटल्यामुळे मदत पोचण्यास विलंब झाला. ज्या मुलखात दरडीखालच्या माणसापर्यंत रस्ता पोचत नाही, त्याच सह्याद्रीच्या जलाशयांवर विमाने उतरवून पर्यटनाचा उत्कर्ष साधण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते.

ही कल्पना नवी नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये जुहू ते पवना धरण अशी जलविमानसेवा गाजावाजाने सुरू झाली; ती टिकली नाही. गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती ते केवडिया सेवेचे उद्घाटन झाले. एप्रिल २०२१ मध्ये ती थांबली. तरीही केंद्राच्या ‘उडान’ योजनेत जलविमानांना स्थान आहे, आणि कंपनीची तूट भरून देण्याची सोयही आहे. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, हेच ते जुने अर्थशास्त्र!

धोका केवळ तिजोरीला नाही. निवांत पाणी आरशासारखे होते आणि वैमानिकाला उंचीचा अदमास लागत नाही. पाण्यावर उतरताना चाके खाली राहिली, तर उभयचर विमान उलटते व प्रवासी पाण्याखाली अडकतात. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वारा अकस्मात फिरतो आणि उड्डाण फसल्यास वळायला जागा राहत नाही. शिवाय धरण म्हणजे नैसर्गिक सरोवर नव्हे. त्याची पातळी सतत बदलते. पवनेचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की वाघेश्वराचे मंदिर वर येते. पावसाळ्यात जी धावपट्टी, तिच्याखाली बुडालेल्या गावांचे अवशेष असतात.

मालदीवचे उदाहरण देणारे विसरतात की तेथे बहुतेक बेटांना जोडणारा रस्ताच नाही. येथे मात्र या पाण्यावर माणसे जगतात. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरपलीकडे उतरले की कोयनेचा शिवसागर लागतो. त्याच्या काठच्या कांदाटी खोऱ्यातील लोकांना आजही लाँचवर विसंबावे लागते. मासेमारांची जाळी त्याच पाण्यात असतात. विमानासाठी पाणी मोकळे ठेवायचे, म्हणजे या लोकांनाच बाजूला सारायचे. केरळात जून २०१३ मध्ये मच्छीमारांनी जलविमानाला विरोध केला, तो विकासद्वेषाने नव्हे, पोटासाठी.

ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या वाट्याला काय आले? पवनेच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मावळातील शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार झाला. तिघांचे प्राण गेले. त्या पाण्यावर हौशी प्रवाशाचा हक्क आधी कसा ठरतो?

म्हणून मागणी साधी आहे. धरणग्रस्तांचे पुनर्वसन, खोऱ्यांना सुरक्षित लाँच व रुग्णवाहिका आणि दरडग्रस्त वाड्यांना टिकाऊ रस्ते ही कामे प्रथम व्हावीत. त्यानंतरही कोणाला जलाशयावर विमान उतरवायचेच असेल, तर काठच्या ग्रामसभांची संमती घ्यावी आणि तोटा स्वतःच्या खिशातून भरावा. उमरठच्या माणसाला आकाशातून येणारा पाहुणा नको आहे. त्याला पावसाळ्यात घरापर्यंत पोचणारा रस्ता हवा आहे.