अटकेचा आकडा आणि लोकांचा विश्वास

शहराचा बंदोबस्त चोख आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? ज्याच्या हाती अधिकार आहे तो म्हणतो, किती इसम धरले ते पाहा. ज्याच्या दुकानाचे कुलूप फुटले तो म्हणतो, माझा माल परत मिळाला काय ते पाहा. ह्या दोन उत्तरांतील अंतर जितके वाढेल, तितका पोलिसांवरील विश्वास कमी होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महिन्यास अमुक इतक्या अटका कराव्यात असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, आणि लिहिणे शक्यही नाही. परंतु लिहिलेला कायदा निराळा आणि बैठकीतील दटावणी निराळी. दरमहा गुन्ह्यांचा आढावा घेतला जातो. त्या बैठकीत एका ठाण्याचा आकडा दुसऱ्या ठाण्याच्या आकड्याशेजारी ठेवून कमी आकड्याच्या अंमलदारास जेथे खाली मान घालावयास लावतात, तेथे हुकुमावाचूनच कोटा ठरतो. ह्याचे परिणाम आमच्या पेठेतील व्यापाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. अमुक इतका खप दाखविलाच पाहिजे असा तगादा मालकाने लावला, की गुमास्ता बुडीत गिऱ्हाइकाच्या नावावर उधारी मांडतो. रोजकीर्द भरलेली दिसते, पण गल्ला रिकामाच राहतो. मागावर केवळ वारावर मजुरी मिळू लागली, की चादरीची वीण विरळ होते. पोलिसाचे तरी निराळे काय होणार? तोही माणूसच आहे.

शिवाय आकडा भरावयाचा झाला म्हणजे धरावयाचे कोणास? पक्का दरोडेखोर हाती लागण्यास आठवडे लागतात, पुरावा गोळा करावा लागतो, आणि पुढे तो वकीलही देतो. उलटपक्षी रात्रपाळीहून घरी परतणारा मजूर, हातगाडीवाला किंवा ज्याचे नाव पूर्वीच ठाण्याच्या वहीत चढले आहे असा इसम पाच मिनिटांत हाती येतो. गुन्हा घडण्यापूर्वीच करावयाच्या प्रतिबंधक अटकेस तर पुरावाही फारसा लागत नाही, संशय पुरतो. म्हणून ज्या ठाण्यावर आकड्याचे ओझे पडते, तेथे अपराधी मनुष्य पकडला जाण्याऐवजी निराधार मनुष्य पकडला जातो. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते, जामीनदार शोधताना घरातील भांडे गहाण पडते, आणि तो सुटून आला तरी शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही.

सोलापुरास ही गोष्ट नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची रीत घालून दिली. पुढे त्याच धोरणाने ह्या शहरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हे नाव त्या भागास अद्याप चिकटून आहे. आतील माणसांनी गिरणीत राबावे, हजेरी द्यावी, आणि कोठेही चोरी झाली तरी संशयास प्रथम पात्र व्हावे, असा तो न्याय होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला, पण सवय गेली नाही. म्हणूनच ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे बहात्तर वर्षांनंतर, विमुक्त जमातींच्या लोकांस मनमानीने अटक करू नये असे सर्वोच्च न्यायालयास पोलिसांना बजावावे लागले. आकड्याची घाई असली म्हणजे जुनी वही उघडली जाते, आणि त्या वहीत कोणाची नावे सापडतात हे सोलापूरकरांस सांगावयास नको.

ह्याच शहराने दुसराही एक धडा गिरविला आहे. मे १९३० मध्ये मंगळवार पेठेची चौकी जळाली व पोलीस मारले गेले. तेव्हा परकी सरकारास कोणीतरी अपराधी दाखविणे भागच होते. लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा ह्यांस येरवड्यास फाशी देण्यात आले. त्या खुनांशी ह्या चौघांचा संबंध नव्हता, अशीच सोलापूरची श्रद्धा आहे. त्या सरकारने अपराध्यांची संख्या पुरी केली, पण ह्या शहराचा विश्वास त्यास पुन्हा मिळाला नाही. आज राज्य आपले आहे, म्हणूनच ही चूक आपल्या हातून होता कामा नये.

ही केवळ आमचीच तक्रार आहे असे कोणी समजू नये. सरकारनेच १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात नमूद केले, की शंभरांतील जवळजवळ साठ अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय होत्या आणि तुरुंगांवरील खर्चापैकी ४३.२ टक्के खर्च अशा अटकांपायी होत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात हाच अहवाल पुढे ठेवून सांगितले, की अटकेचा अधिकार असणे ही एक गोष्ट आणि त्याचा वापर समर्थनीय असणे ही दुसरी. २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होऊ नये, ती का आवश्यक आहे ह्याची कारणे लेखी द्यावीत, असे त्याने बजावले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमातही हेच तत्त्व आहे. तरीही २०२२ अखेर देशातील तुरुंगांत शंभरांपैकी पंचाहत्तरांहून अधिक कैदी, अपराध शाबीत न झालेले, खटल्याची वाट पाहणारे होते.

आकडा मागितला नाही तर पोलीस आळशी होतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच टाकाऊ नाही. कामाचे माप हवेच, पण ते खरे हवे. केवळ गुन्ह्यांची संख्या कमी दिसावी असा आग्रह धरला तर फिर्याद लिहून घेण्याचे टाळले जाते, आणि केवळ अटकांची संख्या वाढावी असा आग्रह धरला तर निरपराधी आत जातात. एकच मनुष्य एका हाताने फिर्यादीस परत पाठवितो व दुसऱ्या हाताने वाटसरूस धरतो, ह्यात विसंगती नाही. दोन्ही एकाच रोगाची लक्षणे होत. अमेरिकेतही ही चर्चा जुनी आहे. पुरेशा कारणावाचून दिलेल्या सुमारे नऊ लाख समन्सांच्या दाव्यात न्यूयॉर्क शहराने २०१७ साली साडेसात कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे कबूल केले. कोट्यापायीच ही समन्से निघाली, असा फिर्यादींचा आरोप होता.

पोलिसाचे खरे भांडवल लाठी नव्हे, खबर होय. चोर कोठे उतरला, माल कोणी विकत घेतला, हे पेठेतील पानवाला, हमाल व शेजारीणच सांगू शकतात. ज्या घरातील मुलास गेल्या महिन्यात विनाकारण रात्रभर बसवून ठेवले, त्या घरातून खबर येत नाही, साक्षीदार येत नाही, आणि खरा चोर निर्धास्त राहतो. त्याचे नुकसान व्यापाऱ्यासही सोसावे लागते.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व साध्या आहेत. आढावा बैठकीत अटकांची तुलना बंद व्हावी. प्रत्येक अटकेमागे लेखी कारण आहे काय, पुढे किती आरोपींवर दोष शाबीत झाला, किती पुराव्याअभावी सुटले, किती फिर्यादींस माल परत मिळाला, हे ठाणेवार दरमहा प्रसिद्ध व्हावे. दंडाधिकाऱ्यांनी कोठडी देताना ते कारण वाचून पाहावे, नुसती सही करू नये. वकील मंडळींनी गरिबांची बाजू फुकट मांडावी, आणि व्यापारी बंधूंनी ‘कोणालातरी धरा’ असा तगादा लावण्याऐवजी ‘खरा कोण ते शोधा’ असा धरावा. कारण कोणालातरी धरण्याची मागणी प्रथम आपल्याच तोंडून निघते. पोलीस ती केवळ पुरी करतात.